पाच वॅट, एक तार आणि अभयारण्याची हद्द

हौशी रेडिओ : वाचकांचे प्रश्न

‘पार्क्स ऑन द एअर’, हॅम म्हणजे हौशी रेडिओ मंडळींच्या बोलण्यात ‘पोटा’, हा उपक्रम साधा आहे. यादीत असलेल्या राष्ट्रीय उद्यानात, अभयारण्यात किंवा सार्वजनिक उद्यानात बॅटरीवरचा रेडिओ घेऊन जायचं, तिथून किमान दहा संपर्क करायचे आणि लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, संकेतस्थळावर चढवायचा. अमेरिकेत तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या शताब्दीनिमित्त २०१६ साली एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेनं वर्षभराचा असाच कार्यक्रम केला होता. त्यातून हे रोप वाढलं आणि आज भारतातल्या जागाही ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांनी यादीत आहेत. याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

घरी शंभर वॅटचा संच आहे. पाच वॅटवर एसएसबीमध्ये (म्हणजे बोलून) आपला आवाज कोणाला ऐकू जातो का? की मोर्स शिकल्याशिवाय निघूच नये? (नाशिक)

हिशेब करून बघा. शंभरवरून पाच वॅटवर आलं की सिग्नल १३ डेसिबलनं उतरतो. एस-मीटरचं, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकाचं, एक घर म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर तुम्ही दोन घरांहून थोडे जास्त खाली जाता. घरून ‘फाइव्ह नाइन’ (आवाज स्पष्ट, जोर एस-९) मिळत असेल तर उद्यानातून ‘फाइव्ह सेव्हन’च्या जरा खाली. समोरच्याकडे गोंगाट कमी असेल तर एवढ्यावर गप्पा आरामात होतात.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. शहरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांमुळे ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) एस-६, एस-७ इतका गोंगाट कायमचा असतो. जंगलात तो एस-१ वर येतो. त्यामुळे तुम्हाला सगळे स्वच्छ ऐकू येतात आणि तुम्ही आशेनं हाका मारत राहता. समोरचा मात्र शहरात बसलेला असतो आणि तुमचा एस-५चा सिग्नल त्याच्या गोंगाटाखाली बुडालेला असतो. म्हणून पहिला तासभर स्वतः सीक्यू (सगळ्यांना हाक) देत बसू नका. बँड फिरवून एस-९ किंवा त्याहून जोरात येणारी केंद्रं शोधा आणि त्यांचं बोलणं संपलं की कॉलसाइन (परवान्यावरची ओळखखूण) एकदाच, फोनेटिक्समध्ये (प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द वापरून), सावकाश द्या. पाच-सहा संपर्क असे पदरात पडले की मग एखादी मोकळी फ्रिक्वेन्सी धरा.

मोर्स येत असेल तर फायदा मोठा. एसएसबीला साधारण २४०० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर लागतो, मोर्सला ५०० पुरतो. नुसत्या त्या फरकानं जवळजवळ ७ डेसिबल गोंगाट कमी होतो आणि कान आणखी काही डेसिबल भरून काढतो. कमी शक्तीची मंडळी मोर्समध्ये ७.०३०, १४.०६० आणि २१.०६० मेगाहर्ट्झच्या आसपास सापडतात. पण मोर्स येत नाही म्हणून घरी बसण्याचं कारण नाही. एसएसबीत १० वॅट शिखरशक्तीपर्यंत ‘कमी शक्ती’च मानतात, संच देत असेल तर तेवढी खुशाल वापरा.

घरी बनवता येईल अशी, पिशवीत मावणारी एकच अँटेना सांगा. झाडं असतील-नसतील. (सातारा)

एका टोकाला फीड (केबलची जोडणी) दिलेली अर्ध्या तरंगलांबीची तार. ४० मीटरसाठी कापलेली ही तार २०, १५ आणि १० मीटरवरही (१४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ) चालते, ट्यूनर लागत नाही आणि मधोमध लोंबणारी केबल नसल्यामुळे एकाच काठीवर उभी राहते. आमची निवड हीच.

टोकाशी या तारेचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) काही हजार ओहम असतो, तो ५० ओहमवर आणायला ४९ : १ चा ट्रान्सफॉर्मर लागतो. १० वॅटपर्यंतच्या कामाला एफटी११४-४३ हे फेराइटचं कडं पुरतं. २४ एसडब्ल्यूजीची एनॅमल तार सुमारे ८० सेंटिमीटर घ्या आणि एकूण २१ वेढे द्या. तिसऱ्या वेढ्याशी तार बाहेर काढून पीळ द्या, तो टॅप. सुरुवातीचं टोक सॉकेटच्या ग्राउंडला, टॅप मधल्या पिनला, एकविसाव्या वेढ्याचं टोक अँटेनाच्या तारेला. टॅप आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० पिकोफॅरडचा, निदान ५०० व्होल्टचा सिरॅमिक किंवा मायका कपॅसिटर लावा. तो नसेल तर १० मीटर बँडवर एसडब्ल्यूआर (किती शक्ती अँटेनाकडून परत येते याचं माप, १ उत्तम) चढतो. सगळं साबणाच्या प्लॅस्टिक डबीत बसतं.

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली वेढे मोजण्याची. तार कड्याच्या भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून दिसणारे मोजले की एक कमी धरला जातो. २१ ऐवजी २२ झाले तर काही बिघडत नाही. पण ३ ऐवजी ४ वेढ्यांवर टॅप निघाला की गुणोत्तर ४९ वरून साडेसत्तावीसवर येतं आणि मग तार कितीही कापा, एसडब्ल्यूआर खाली येत नाही. दुसरी चूक टॅपवर. पीळ दिलेल्या जागेचं एनॅमल पॉलिश पेपरनं घासून तांबं चकचकीत दिसेपर्यंत काढायला हवं. वरवर कथील बसलेलं दिसतं आणि आत जोड झालेलाच नसतो.

तार जोडण्याआधी ट्रान्सफॉर्मर टेबलावर तपासा. २.२ किलोओहम आणि २२० ओहम हे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडून तारेच्या जागी लावा, दुसरं टोक ग्राउंडला, आणि नॅनोव्हीएनए या छोट्या मापन-उपकरणावर बघा. ७ ते २१ मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर दीडच्या आत दिसला की काम झालं.

आता तार. अर्ध्या ते पाऊण चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर २०.६ मीटर कापा. ही मुद्दाम लांब आहे. आवरण असलेली तार विजेच्या हिशेबानं जरा लांबच वागते, म्हणून शेवटी ती २० मीटरच्या आसपास येईल. पण घाईनं कापू नका. टोक मागे दुमडून चिकटपट्टी लावा आणि मोजा. १० सेंटिमीटर कमी केले की ७ मेगाहर्ट्झवर सुमारे ३५ किलोहर्ट्झ आणि १४ वर त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सी वर सरकते. वरचे बँड नेमक्या दुपटीपेक्षा थोडे वर बसतात, म्हणून ४० मीटरचा तळ (सगळ्यात कमी एसडब्ल्यूआरची जागा) ७.०५ च्या जवळ ठेवा. भारतात आपल्याला ७.० ते ७.२ एवढाच पट्टा आहे, तेव्हा तेवढ्यात सगळं मावतं. ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला २ मीटरची एक सुटी तार जोडून जमिनीवर टाकून द्या.

टांगायची कशी? सहा-सात मीटरची फायबर ग्लासची घडीची काठी मधोमध, दोन्ही टोकं उतरती. गळ टाकायची काळी कार्बनची काठी घेऊ नका, ती वीज वाहते आणि तार तिच्यावर गुंडाळली की सगळी मापं चुकतात. कोकणात चिव्याची (बांबूची) वाळलेली काठी मिळते, ती उत्तम. दोरीसाठी गवंड्यांची रंगीत लाइनदोरी घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते, कोणाच्या गळ्यात अडकत नाही. परवानगी असलेल्या बागेत झाडावरून दोरी टाकायची असेल तर वजन म्हणून ओळंबा किंवा दगड नको, कापडी पिशवीत २०० ग्रॅम वाळू भरा. फांदीवर दोरीच जाऊ द्या, तार नको. वाऱ्यानं तार साल कापते.

केबलबद्दल एक गोष्ट. आरजी-१७४ हलकी आणि पिशवीत घालायला छान, पण १४ मेगाहर्ट्झवर १० मीटर लांबीत ती सुमारे १.३ डेसिबल खाते. पाचातले पावणेचार वॅट वर पोचतात. आरजी-५८ मध्ये हेच साडेचारच्या जवळ. आरजी-१७४ वापरायचीच तर पाच मीटरपेक्षा लांब नको.

एसडब्ल्यूआर १.३ दाखवतो, पण मी माइक हातात घेतला की २ होतो. शिवाय बोलताना मध्येच संच बंद पडून पुन्हा चालू होतो. दोष अँटेनात की संचात? (पुणे)

हे दोन वेगळे दोष आहेत, एकाच वेळी दिसतात म्हणून एक वाटतात.

हात लावल्यानं एसडब्ल्यूआर हलतो याचा अर्थ केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट परत येतोय आणि तुमचं शरीर अँटेनाचा भाग झालंय. खात्री करायला केबल मध्येच मुठीत धरा. आकडा हलला की निदान पक्कं. उपाय चोकचा, म्हणजे हा परतणारा करंट अडवणाऱ्या कड्याचा. एफटी१४०-४३ कड्यावर आरजी-१७४ किंवा आरजी-३१६ चे दहा वेढे देऊन तो चोक संचाच्या टोकाशी लावा. टोकाला फीड दिलेल्या तारेत केबलचा थोडा भाग काउंटरपॉइजचं (अँटेनाच्या दुसऱ्या बाजूच्या तारेचं) काम करत असतो, म्हणून चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटवून लावण्यापेक्षा रेडिओकडे लावलेला बरा. त्यानंतर तारेची लांबी पुन्हा एकदा तपासा, कारण आधीचा १.३ हा केबलसकट मिळालेला होता.

संच बंद पडणं बहुधा व्होल्टेजचं. अर्ध्या चौरस मिलिमीटरची दोन मीटर जोडतार म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं, सुमारे ०.१४ ओहम. पाच ॲम्पिअर ओढले की तिथेच ०.७ व्होल्ट जातात, त्यात सैल क्लिप आणि फ्यूजची घरं आपापला वाटा घेतात. आवाजाच्या शिखराला व्होल्टेज कोसळतं आणि संच डोळे मिटतो. दीड चौरस मिलिमीटरची, मीटरभराची तार वापरा, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून चार बोटांवर ५ ॲम्पिअरचा फ्यूज (वीस वॅटच्या संचाला १०चा) आणि मगरक्लिपऐवजी पॉवरपोल कनेक्टर. तरीही बंद पडला तर अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावून बोला. डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बंद, असं असेल तर पहिल्या दोषाचाच हा दुसरा चेहरा आहे.

अभयारण्यात जायला परवानगी कोणाची? तिकीट काढलं की पुरे नाही का? (चंद्रपूर)

पुरे नाही. यावर आम्ही जास्त जागा देतो आहोत, कारण एका माणसाच्या निष्काळजीपणानं पुढच्या सगळ्यांचा रस्ता बंद होऊ शकतो.

पहिली गोष्ट स्वतःच्या लायसन्सची. हौशी केंद्राची जागा त्यावर नोंदलेली असते. घराबाहेरून किंवा फिरतं केंद्र चालवण्याबद्दल तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा आणि तशी नोंद नसेल तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून आधी तिची सोय करा. मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स पिशवीत हव्यात.

दुसरी गोष्ट वनखात्याची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम २८ मध्ये परवाना कशासाठी मिळतो ते दिलंय : अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन वगैरे. पर्यटकाचं तिकीट हे पर्यटनापुरतं. काठी उभारून तार ताणणं त्यात आपोआप येत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राचा विचारच करू नका. सफारीत गाडीतून उतरायलाच मनाई असते. प्रवेशद्वाराजवळचं निसर्ग माहिती केंद्र, वाहनतळ किंवा पर्यटकांसाठी खुली बाग एवढ्यावरच समाधान माना. मात्र ती जागा हद्दीच्या आत आहे ना, हे नकाशावर बघा. पोटाच्या नियमात चालक, संच आणि अँटेना तिन्ही हद्दीत लागतात. भोवतीचं इको-सेन्सिटिव्ह क्षेत्र म्हणजे अभयारण्य नव्हे, तिथून केलेला संपर्क धरला जात नाही. काही फाटकं तर हद्दीच्या अलीकडेच असतात.

अर्ज संबंधित वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे, पंधरा दिवस आधी, हातपोच घेऊन द्या. मजकूर असा चालतो :

‘मी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. दि. … रोजी सकाळी ७ ते ११ या वेळेत … येथील पर्यटकांसाठी खुल्या भागात, वाहनतळालगत, बॅटरीवर चालणारा ५ वॅटचा रेडिओ संच वापरण्याची परवानगी मिळावी. सोबत सहा मीटरची सुटी काठी व एक बारीक तार असेल. जमिनीत खड्डा खणणार नाही, झाडास खिळा, तार वा दोरी बांधणार नाही. जनरेटर, ध्वनिक्षेपक, दिवे वा ड्रोन वापरणार नाही. ऐकण्यासाठी हेडफोन वापरीन. आपले कर्मचारी सांगतील त्या क्षणी काम थांबवीन. परवान्याची प्रत जोडली आहे.’

‘ड्रोन वापरणार नाही’ हे वाक्य गाळू नका. ॲल्युमिनियमची पेटी आणि तारा पाहिल्या की फाटकावर पहिली शंका ड्रोनचीच येते, दुसरी सॅटेलाइट फोनची. तोंडी ‘हो’ मिळालं तरी कागद घ्या, कारण रविवारी फाटकावर दुसराच वनरक्षक असतो. किनाऱ्यालगत जाणार असाल तर जवळच्या सागरी पोलीस ठाण्यालाही एक प्रत द्या. आणि परवानगी नाकारली तर वाद न घालता दुसरी जागा शोधा. नगरपालिकेची बाग यादीत नसेल तरी तिथून सराव करता येतो, तिथे उद्यान अधीक्षकांची चिठ्ठी पुरते.

आमच्याकडे माळरान, झाड नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काठीवर अँटेना लावता येईल का? (सोलापूर)

तांत्रिकदृष्ट्या येईल, पण आमचा सल्ला तिथे लावू नये असा आहे. माळढोक जड पक्षी आहे, त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि बारीक तारा तर उडताना दिसतच नाहीत. विजेच्या तारांना धडकणं हे त्याच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. आज तिथे पक्षी दिसो न दिसो, ज्या गवतावर त्याची आशा टिकून आहे तिथे आपण तार ताणू नये. शिवाय जमिनीवर अंडी घालणारे टिटवी, धाविक असे पक्षी पायाखाली येतात.

दुसरीकडच्या मोकळ्या माळावर मात्र उभी अँटेना छान. २० मीटर बँडसाठी काठीला लागून ५ मीटरची तार आणि जमिनीवर पसरलेल्या तितक्याच लांबीच्या चार तारा. जमिनीवरच्या तारांची लांबी नेमकी असण्याची गरज नाही. त्या चाराच्या आठ केल्या तर फरक कळतो. तारेवर दर दोन मीटरला केशरी फीत बांधा.

सकाळी गेलो की १४ मेगाहर्ट्झवर रशिया ऐकू येतं, पण कोल्हापूर-नागपूर कोणी नाही. काय चुकतं? (रत्नागिरी)

काही चुकत नाही. १४ मेगाहर्ट्झचा सिग्नल उभा वर गेला तर अनेकदा आयनमंडल भेदून निघून जातो, तिरका गेलेलाच परत येतो आणि तो हजार किलोमीटरपलीकडे उतरतो. मधला पट्टा मुका. महाराष्ट्रात बोलायचं तर ४० मीटर बँड आणि तार ५-६ मीटरच उंच. एवढ्या खाली असल्यामुळे तिचा बराचसा सिग्नल सरळ वर जातो आणि छत्री उघडावी तसा चारपाचशे किलोमीटरच्या परिघात उतरतो. म्हणजे उंच झाड नसणं इथे पथ्यावरच पडतं.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. दुपारी ऊन चढलं की आयनमंडलाचा खालचा डी-थर ४० मीटरचा सिग्नल शोषतो आणि पाच वॅट उरत नाहीत. चारनंतर पुन्हा सुधारतं. त्या मधल्या वेळात २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर जा : २५व्या सौरचक्राचा (सूर्यडागांच्या चक्राचा) जोर २०२४ मध्ये शिखराला पोचला आणि अशा वर्षांत या बँडवर पाच वॅटनं युरोप दुपारीसुद्धा मिळतो. संध्याकाळी १४वर युरोप.

भारतात आठवड्याच्या मधल्या दिवशी एसएसबीवर दहा संपर्क होणं कठीण, रविवार निवडा. पोटाच्या संकेतस्थळावर स्वतःची फ्रिक्वेन्सी टाकायला विसरू नका. जंगलात नेट नसेल तर आधीच नियोजन नोंदवून ठेवा आणि मोर्समध्ये सीक्यू द्या. रिव्हर्स बीकन जाळ्यानं (मोर्स आपोआप ऐकून इंटरनेटवर नोंदवणाऱ्या केंद्रांनी) ऐकलं की तुमचं नाव पोटाच्या पाटीवर आपोआप लागतं.

दहा संपर्क झाले, तरी संकेतस्थळानं मोहीम अपुरी दाखवली. पहाटे पाचला सुरुवात केली होती. (ठाणे)

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. दहा संपर्क एकाच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेच्या) दिवसात लागतात आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे सकाळी साडेपाचला बदलतो. तुमचे काही संपर्क कालच्या खात्यात गेले. साडेपाचनंतर सुरू करा किंवा त्या आधीच दहा उरका. फोनवरचा लॉग यूटीसीत ठेवा. भारतीय वेळेतून मनात साडेपाच तास वजा करताना तो अर्धा तास हमखास विसरतो. लॉगच्या ॲडिफ फाइलमध्ये ‘माय सिग’ आणि ‘माय सिग इन्फो’ या रकान्यांत अनुक्रमे पोटा आणि उद्यानाचा क्रमांक हवा. जमिनीवरच्या रिपीटरमधून (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रातून) झालेले संपर्क धरत नाहीत, उपग्रहावरून झालेले धरतात.

एफटी८ (संगणकावरून छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) वापरत असाल तर आणखी एक : १५ सेकंदांच्या खिडकीत तुमचं घड्याळ सेकंदभरापेक्षा जास्त चुकलं की समोरच्याला काही उलगडत नाही. नेट नसताना लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसवरून लावा. आणि त्यात सलग साडेबारा सेकंद पूर्ण शक्ती जाते, छोटे संच तापतात. दहाचे पाच वॅट करा.

बॅटरी किती ॲम्पिअर-तासांची? (कोल्हापूर)

पाच वॅटच्या संचाला ऐकताना सुमारे ०.४५ ॲम्पिअर आणि पाठवताना २ ते २.४ लागतात. तीन तासांत दोन तास ऐकणं म्हणजे ०.९, तासभर एसएसबी बोलणं सरासरीनं १.३, एकूण २.२ ॲम्पिअर-तास. चार सेलची, १२.८ व्होल्टची साडेचार ते सहा ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिवसाला पुरून उरते आणि वजन किलोच्या आत. अलार्मसाठी मिळणारी ७ ॲम्पिअर-तासांची लेड ॲसिड स्वस्त, पण दोन किलोंच्या वर आणि निम्म्याहून जास्त वापरली की लवकर मरते. पूर्ण चार्जला लिथियम १४.६ व्होल्टवर जाते. संचाची कमाल मर्यादा आधी पुस्तिकेत बघा. सोलर पॅनल नेलंत तर ऐकताना त्याचा कंट्रोलर काढून ठेवा. जंगलातली शांतता घालवायला तो एकटा पुरतो.

न्यू जर्सीत राहतो, भारतीय लायसन्स आहे. इथल्या उद्यानांतून चालेल का? (एडिसन)

तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल आणि लायसन्स चालू असेल तर दोन देशांतल्या करारानुसार चालतं. कॉलसाइनच्या आधी जागेची खूण, न्यू जर्सीसाठी ‘डब्ल्यू२ स्ट्रोक’, आणि प्रत्येक संपर्कात एकदा शहर-राज्य सांगायचं. तिथे बराच काळ राहणार असाल तर एफसीसीची (तिथल्या दूरसंचार नियामकाची) परीक्षाच द्या. टेक्निशियन या पहिल्या पातळीला ३५ प्रश्नांपैकी २६ बरोबर लागतात, नागरिकत्वाची अट नाही. त्या लायसन्सवर २८.३ ते २८.५ वर एसएसबी मिळतं. पोटाच्या एसएसबीसाठी मात्र जनरल या पुढच्या पातळीपर्यंत जा. झाडाला दोरी चालते का, हे प्रत्येक उद्यानाच्या कार्यालयात विचारा.

मेमध्ये सड्यावर (कातळाच्या पठारावर) जायचा बेत आहे. काही धोके? (सिंधुदुर्ग)

वळवाची वीज सगळ्यात मोठा. सड्यावर तुमची काठी हीच सगळ्यात उंच वस्तू. मेमध्ये दुपारी बारानंतर थांबू नका. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा कमी लागले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे : केबल संचातून काढा, काठीला हात न लावता गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. आभाळ लांब असतानाच काठी उतरवलेली असावी, हे खरं. कोरड्या वाऱ्यातही तारेवर भार साठून संचाचा सिग्नल घेणारा पहिला भाग जळू शकतो; ट्रान्सफॉर्मरवर तार आणि ग्राउंड जोडलेलेच असतात म्हणून या अँटेनाला ती भीती कमी. ११ केव्हीची लाइन असेल तर तिच्यापासून काठी आणि तार मिळून होणाऱ्या लांबीच्या दुप्पट अंतरावर राहा.

दुसरा धोका आग्या मोहोळाचा. वड, सावर यांच्या उंच फांद्या, कडे, किल्ल्यांचे बुरूज बसण्याआधी दुर्बिणीनं नीट न्याहाळा. पोळं दिसलं की ती जागा सोडा, त्या झाडावर दोरी तर नाहीच. उठलेल्या माश्यांना झटकू नका, तोंड झाकून गाडीकडे पळा.

बारावीत आहे, यासूचा किंवा आयकॉमचा संच परवडत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेले बिटएक्स हे संच तुझ्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच आले. त्यातला मायक्रोबिटएक्स ४० मीटरवर सुमारे १० वॅट देतो, वरच्या बँडवर शक्ती घटत जाते. त्याचं सर्किट खुलं आहे, त्यामुळे बिघडला तर कुठे बिघडला ते तुला शोधता येतं. बोर्डाला पहिल्यांदा वीज देताना ५०० मिलिॲम्पिअरचा फ्यूज लाव आणि उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड घाल. आउटपुटच्या ट्रान्झिस्टरचा हीटसिंक पेटीला टेकवू नकोस, त्याचा पत्रा ग्राउंडला नसतो. पण संच घ्यायच्या आधी एएसओसी (हौशी रेडिओ परवान्याची) परीक्षा आणि लायसन्स. निकाल येईपर्यंत एखाद्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या रेडिओवर) ७.०३० लावून रोज वीस मिनिटं मोर्स ऐक.